सळई वळवणारा रिपीटर: ओव्हलसाठी बसवावा का, आणि मिसरोल नेमके कुठे घडतात?

तळोजा_पाळी यांचा प्रश्न

नमस्कार. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका री-रोलिंग मिलमध्ये मी देखभाल विभागात काम करतो. आमच्या मिलमधल्या एका अडचणीबद्दल या विषयातल्या जाणकारांचे मत हवे आहे. म्हणून मांडणी थोडी सविस्तर देतो.

मिल जुन्या पद्धतीची आहे. १०० मिलिमीटर चौरस बिलेट (पोलादाचा लांब ठोकळा) भट्टीतून निघते, तीन रोलांच्या रफिंग स्टँडवर (रोल धरणाऱ्या पहिल्या चौकटीवर) तिचे पास, म्हणजे रोलांमधून दाबून काढण्याचे फेरे, होतात आणि मग ती शेवटच्या ओळीत येते. या ओळीत २८० मिलिमीटर व्यासाच्या रोलांचे चार स्टँड एकमेकांच्या शेजारी उभे असून ते सगळे एकाच मोटरवर, मिनिटाला सुमारे ३४० फेऱ्यांनी फिरतात. शेजारच्या दोन स्टँडांची दिशा एकमेकांच्या उलट असल्यामुळे एका स्टँडमधून बाहेर पडलेली सळई अर्धवर्तुळात वळून शेजारच्या स्टँडमध्ये परत शिरते. पहिल्या स्टँडवर ओव्हल (लंबगोल छेदाची सळई), दुसऱ्यावर चौरस, तिसऱ्यावर लीडर ओव्हल (शेवटच्या पासच्या आधीचा ओव्हल) आणि चौथ्यावर खाचांची तयार टीएमटी सळई, असा क्रम आहे. माल मुख्यतः १२ आणि १६ मिलिमीटरचा असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टँडमध्ये लोखंडी पन्हळीचा रिपीटर बसवलेला आहे आणि तो चौरस सळई व्यवस्थित वळवून देतो. पहिल्या व दुसऱ्या आणि तिसऱ्या व चौथ्या स्टँडमध्ये मात्र अजूनही चिमटेवाले उभे असतात. सळईचे तोंड बाहेर पडले की ते चिमट्याने पकडायचे, अर्धे वळण घेत ओव्हल उभा करायचा आणि पुढच्या स्टँडच्या तोंडात द्यायचा, हे काम ते पाळीभर करतात. सळई त्यांच्या पायांच्या भोवती वळसा घेत असते आणि तिचे तापमान हजार अंशांच्या आसपास असते. हे काम माणसाकडून करून घेणे थांबले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

म्हणून आम्ही पहिल्या व दुसऱ्या स्टँडमध्ये चौरसाच्या रिपीटरसारखाच दुसरा रिपीटर बनवून बसवला. त्यावर दोन प्रकारचे मिसरोल, म्हणजे सळई वाट सोडण्याचे किंवा बिघडण्याचे प्रकार, होऊ लागले. काही वेळा सळई पन्हळीच्या मध्यावर भिंत चढून बाहेर उडते. इतर वेळा ती दुसऱ्या स्टँडपर्यंत पोहोचते, पण ओव्हल आडवाच शिरतो आणि पुढे दोन्ही बाजूंना कान (बाहेर निघालेल्या कडा) असलेली सळई बाहेर येते. शेवटी रिपीटर काढून ठेवला आणि चिमटे परत आले. आता व्यवस्थापनाचे म्हणणे असे पडले आहे की ओव्हल रिपीटरवर चालतच नाही.

हे म्हणणे खरे आहे का? खरे नसेल, तर दोष शोधायला सुरुवात कुठून करावी?

---

रोलटर्नर_कळवा

आपण प्रश्न फार नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही मुद्देसूद देता येईल. माझे सगळे आयुष्य ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रोल टर्निंगच्या (रोलांच्या खाचा लेथवर कापण्याच्या) खात्यात गेले आहे आणि आपण सांगता ते दोन्ही मिसरोल मी पुष्कळ पाहिले आहेत.

ओव्हल रिपीटरवर चालत नाही, हा समज आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि अमेरिकेत एका ओळीतल्या अशा मिल चालत, तेव्हापासून हाताने तोंड पकडणारे कारागीर त्यांच्यासमोर उभे असत. चौरसाला रिपीटर आधी लागू पडला, कारण चौरस कोणत्याही बाजूने सारखाच वाकतो आणि त्याला पुढच्या ओव्हल पासमध्ये देताना फार फिरवावे लागत नाही. ओव्हलला मात्र पुढच्या पासमध्ये ९० अंश उभे करून द्यावे लागते. माणसाचे मनगट ही दोन कामे, म्हणजे वळवणे आणि उभे करणे, एकाच हालचालीत करते. साध्या पन्हळीला त्यातले फक्त पहिले काम येते. आपण चौरसाचा रिपीटर जसाच्या तसा ओव्हलला लावलात, म्हणजे दुसरे काम कोणाकडेच सोपवलेले नाही. माझ्या मते आपल्या दोन्ही मिसरोलांचे मूळ इथे आहे.

आता आपला ओव्हल पहिल्या स्टँडमधून कसा बाहेर पडतो ते पाहा. तो आडवा पडलेला असतो, म्हणजे त्याची रुंदी जमिनीला समांतर असते. पन्हळीचे वळणही जमिनीला समांतर आहे. याचा अर्थ आपण त्याला त्याच्या ताठ बाजूने वाकायला लावता. ओव्हलची रुंदी जाडीच्या दुप्पट असेल, तर या दिशेची ताठरता दुसऱ्या दिशेच्या चौपट भरते. पट्टीला तिच्या कडेवर वाकवायला गेले तर ती न वाकता पिळवटून उलटते, तसेच इथे होते. उलटताना कधी ती डावीकडे फिरते, कधी उजवीकडे, आणि कधी फिरण्याऐवजी सरळ भिंत चढते. म्हणूनच मिसरोलचा नेम लागत नाही आणि कामगारांना वाटते की रिपीटरच बेभरवशाचा आहे.

उपाय असा की पिळणे आधी आणि वळणे नंतर व्हायला हवे. पहिल्या स्टँडच्या बाहेरच्या बाजूला पिळ देणारा गाईड बसवा आणि पन्हळीच्या वळणाच्या सुरुवातीपर्यंत ओव्हल पूर्ण उभा करून घ्या. एकदा तो उभा होऊन वळणात शिरला की मऊ बाजूने वाकतो, आणि वाकलेल्या अवस्थेत तो स्वतःहून आडवा होत नाही, कारण आडवे होण्यासाठी त्याला पुन्हा ताठ बाजूने वाकावे लागेल. वळण इथे आपल्या बाजूने काम करू लागते. ज्या मिलमध्ये हा क्रम पाळला जातो तिथे ओव्हलचे रिपीटर वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा व्यवस्थापनाला हे निःशंकपणे सांगा.

मात्र रिपीटरला हात लावण्यापूर्वी सळई रोलमधून सरळ बाहेर पडते आहे की नाही, हे तपासा. वरचा रोल खालच्या रोलपेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे तोंड थोडे खाली झुकते आणि खालच्या गार्डला (सळईला रोलपासून सोडवून बाहेर काढणाऱ्या पट्टीला) धरून बाहेर येते. हा फरक प्रमाणाबाहेर गेला असेल किंवा रोल पुन्हा टर्न करताना उलटा झाला असेल, तर तोंड वर उचलले जाते. मग पुढे कितीही चांगली पन्हळ असली तरी सळई तिच्या झाकणाला धडकते. बिलेट एका बाजूने जास्त तापली असली तरीही असेच होते, कारण तापलेली बाजू जास्त लांबते आणि तोंड थंड बाजूकडे वळते. भट्टीत बिलेट किती वेळ राहते आणि तिची खालची बाजू नीट तापते का, हेही भट्टीवाल्यांना विचारा.

गार्डचे टोक रोलच्या खाचेत नीट टेकलेले असले पाहिजे. तिथे फट राहिली तर तोंड तिच्याखाली घुसते आणि सळई रोलभोवती गुंडाळली जाते. अशी गुंडाळी, म्हणजे कॉलर, बसली की तो रोल मोकळा करण्यात पाळीचा मोठा भाग जातो, हे आपल्याला सांगायला नको.

---

वागळे_वर्कशॉप

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आमचा व्यवसाय गाईड बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा आहे, म्हणून पिळाबद्दल आणि शिरण्याच्या बाजूबद्दल थोडी भर घालतो.

पिळ देण्याचे दोन मार्ग आहेत. आतून मळसूत्रासारखी वळलेली ओतीव नळी हा जुना आणि स्वस्त मार्ग. तिच्यात सळई सतत घासत राहते, त्यामुळे नळी लवकर झिजते आणि सळईवर ओरखडे उठतात. दुसरा मार्ग म्हणजे दोन रोलरांचा पिळ गाईड. यात दोन रोलर तिरक्या कोनात बसवलेले असतात आणि ओव्हल त्यांच्यामधून जाताना फिरायला लागतो. आपला ओव्हल वळणाआधी उभा व्हायला हवा असल्यामुळे मी दुसराच मार्ग सुचवीन, कारण रोलरांचा कोन बदलून पिळ कमी-जास्त करता येतो आणि नळीत ती सोय नसते.

कोन किती ठेवायचा याचा हिशेब सोपा आहे. समजा रोलच्या चाव्यापासून (दोन रोल सळई पकडतात त्या जागेपासून) वळणाच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर दीड मीटर आहे आणि एवढ्या अंतरात ९० अंश फिरायचे आहे. पिळ गाईडचे रोलर चाव्यापासून ३५ सेंटिमीटरवर असतील, तर तिथपर्यंत सळई प्रमाणानुसार २१ अंश फिरलेली हवी. रोलर त्याहून थोड्या जास्त कोनात लावावेत, कारण सळई थोडीशी मागे फिरते. ही वाढ प्रत्यक्ष चालवून ठरवावी. थंड पाळीच्या सुरुवातीला आणि मिल तापल्यावर ती थोडी वेगळी लागते.

आता दुसऱ्या स्टँडच्या तोंडाशी या. पन्हळीतून ओव्हल उभा आला, तरी चौरसाच्या खाचेत तो शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवणारे कोणीतरी हवे. आपल्याकडे तिथे साधा एंट्री बॉक्स (सळईला रोलांच्या तोंडात नेणारी पेटी) आहे का? असेल, तर तो चौरसाला चालतो, पण ओव्हलला चालत नाही. ओव्हलसाठी रोलर एंट्री गाईड घ्या. त्यात दोन रोलर ओव्हलच्या चपट्या बाजूंना दोन्हीकडून धरतात आणि त्याला चाव्यापर्यंत झुकू देत नाहीत. रोलरांची टोके चाव्याच्या जितकी जवळ नेता येतील तितकी न्या. मधे मोकळे राहिलेले अंतर म्हणजे ओव्हलला कलंडायला दिलेली जागाच असते. आपण सांगितलेले कान मला तरी इथलेच वाटतात.

रोलरांमधले अंतर लावताना नमुन्याच्या तुकड्याचा वापर सगळेच करतात, पण एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. नमुना थंड असतो आणि धावणारी सळई हजार अंशांवर असते. पोलाद एवढ्या तापमानाला थंड मापापेक्षा सुमारे सव्वा टक्क्याने मोठे असते. २० मिलिमीटरच्या मापात हा फरक पाव मिलिमीटर भरतो. थंड नमुन्यावर घट्ट लावलेला गाईड गरम सळईला अडवतो, बेअरिंगवर भार येतो आणि रोलर फिरायचे थांबतात. थांबलेला रोलर म्हणजे दगडच, सळई त्याला कापत जाते. नमुना त्याच पासमधल्या ताज्या सळईचा कापावा, मागच्या महिन्यातला जपून ठेवलेला वापरू नये, कारण दरम्यान खाच झिजते आणि ओव्हल जाड होतो.

बेअरिंगचे आयुष्य पाण्यावर आणि वंगणावर आहे. रोलरवर पाणी सतत हवे, पण ते स्वच्छ हवे. स्केल (तापलेल्या पोलादावरून सुटणारी खपली) मिसळलेले पाणी फिरवून फिरवून वापरले की नोझल बुजतात आणि नेमका शेवटच्या स्टँडचा रोलर कोरडा पडतो. पाळी बदलताना प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहण्याची सवय लावा, त्याला फार वेळ लागत नाही.

---

तळोजा_पाळी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज मिल बंद असताना मापे घेतली. दुसऱ्या स्टँडवर साधा एंट्री बॉक्सच आहे आणि त्याच्या आतल्या बाजू दोन्हीकडे झिजलेल्या आहेत. बॉक्सचे टोक आणि चावा यांच्यामध्ये हाताचा पंजा आरामात मावतो. म्हणजे ओव्हल तिथेच कलंडत असणार, ही शंका योग्य वाटते.

पिळ गाईडसाठी जागा मोजली. चाव्यापासून पन्हळीच्या वळणापर्यंत सध्या जेमतेम एक मीटर आहे, पण पन्हळ अर्धा मीटर मागे सरकवता येईल.

आणखी एक शंका आहे. तोंड दुसऱ्या स्टँडमध्ये शिरल्यावर वळसा मोठा होत जातो आणि सळई पन्हळीतून बाहेर येऊन फरशीवर पसरते. चिमटेवाले असताना ती जागा मोकळी होती. आता तिथे किती जागा लागेल, आणि वळसा वाढतो तरी का? शेडचे पत्रे पावसाळ्यात गळतात आणि फरशीवर पाणी साचते, तेही या जागेजवळच आहे.

---

ऐरोलीकर_ड्राइव्ह

वळशाचे उत्तर मी देतो. माझे काम मोटर आणि ड्राइव्हचे आहे, पण हा हिशेब यंत्रवाल्यांना आणि वीजवाल्यांना सारखाच लागू आहे.

आपले चारही स्टँड एकाच मोटरवर आणि एकाच व्यासाचे आहेत, म्हणजे सगळ्या रोलांच्या पृष्ठभागाची गती सारखी, सेकंदाला सुमारे ५ मीटर. पण प्रत्येक पासमध्ये सळई लांबते. ती दुसऱ्या स्टँडमध्ये १.२५ पट लांबत असेल, तर तिथून ५ मीटर बाहेर पडण्यासाठी आत फक्त ४ मीटर घेतली जाते. पहिला स्टँड ५ मीटर देतो आणि दुसरा ४ मीटर घेतो, म्हणून दर सेकंदाला एक मीटर सळई मधे साठत राहते. वळसा यामुळे वाढतो. पहिल्या स्टँडमधून बाहेर पडणारी सळई एकूण ८० मीटर असेल, तर ती १६ सेकंद येत राहील आणि शेवटी १६ मीटर सळई वळशात असेल. वळशाला दोन बाजू असतात, त्यामुळे त्याचा माथा साधारण आठ मीटर दूर जातो. आपली फरशी तेवढी मोकळी हवी, आणि शिवाय शेपूट सुटताना सळई झटका मारते त्यासाठी अजून जागा ठेवावी लागते.

हे अंतर कमी करायचे असेल, तर पुढच्या स्टँडचे रोल मोठ्या व्यासाचे ठेवणे हा एक मार्ग आहे. दुसऱ्या स्टँडवर २८० ऐवजी ३०० मिलिमीटरचे रोल बसले, तर तोच वळसा १६ वरून सुमारे साडेअकरा मीटरवर येतो. त्यासाठी हाउसिंगमध्ये (स्टँडच्या चौकटीत) जागा आणि स्पिंडलला (रोल फिरवणाऱ्या दांड्याला) तेवढी मोकळीक आहे का, हे यंत्र खात्याने पाहावे. मात्र व्यास इतका वाढवू नये की पुढचा स्टँड मागच्याला ओढू लागेल.

ओढण्याबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण मालाच्या वजनाशी त्याचा थेट संबंध आहे. दोन स्टँडांच्या मधे सळई ताणली गेली, तर तिचा मधला भाग बारीक होतो आणि तोंड व शेपूट, ज्यांना ताण मिळत नाही, ती जाड राहतात. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो असते आणि आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे १० पेक्षा जास्त व १६ पर्यंतच्या मापांना अधिक-उणे ५ टक्के सूट आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल वजनावर विकला जातो आणि बांधकामावर तो लांबीवर मोजला जातो, तेव्हा ही सूट दोन्हीकडून पाहिली जाते. आपल्या जुन्या मिलमध्ये वळसा मोकळा वाढतो, म्हणजे ताण शून्य असतो. ही तिची जमेची बाजू आहे. तोटा एवढाच की शेपटाकडचा भाग वळशात जास्त वेळ राहून थंड होतो, रोल त्याला कमी दाबू शकतात आणि तो थोडा जाड निघतो. वळसा लहान ठेवण्याचे खरे कारण मला जागेपेक्षा हे वाटते.

सलग मिलमध्ये, जिथे स्टँड एकामागे एक असतात आणि प्रत्येकाला वेगळी मोटर असते, तिथे हेच काम लूपर करतो. तोंड पुढच्या स्टँडने पकडले की मधला रोलर सळईला वर ढकलून कमान करतो, वरून इन्फ्रारेड स्कॅनर कमानीची उंची वाचतो आणि ड्राइव्ह मागच्या स्टँडांचा वेग बदलून ती उंची कायम ठेवतो. लोकांना वाटते की त्या कमानीत बरीच सळई साठलेली असते. प्रत्यक्षात दोन मीटरच्या अंतरात पाव मीटर उंच कमानीत फक्त एक तृतीयांश वीत, म्हणजे साधारण ७७ मिलिमीटर जादा सळई असते. सेकंदाला ५ मीटर वेगात एक टक्का चूक झाली तरी ती दीड सेकंदात संपते. म्हणून तिथे ड्राइव्ह जलद लागतात. आपल्या ओळीत आज ते करता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पुढे कधी चौथ्या स्टँडला वेगळी मोटर दिली, तर शेवटच्या दोन स्टँडांमधला वळसा काबूत येईल, आणि मालाच्या मापावर सर्वांत जास्त परिणाम तिथलाच होतो.

साचलेल्या पाण्याची तक्रार किरकोळ समजू नका. वळसा पाण्यावरून गेला की तिथे काळा डाग पडतो, तो भाग कडक होतो आणि पुढच्या स्टँडमध्ये रोलला धक्का देतो. फरशीचा उतार स्टँडपासून दूर ठेवा आणि पत्र्यांची गळती पावसाळ्याआधीच बंद करून घ्या.

---

रोलटर्नर_कळवा

आपली मापे वाचून समाधान वाटले, कारण दोष हातात आला आहे. पन्हळीच्या भिंतीबद्दल सांगायचे राहिले होते, ते आता लिहितो.

रिपीटरच्या बाहेरच्या भिंतीकडून आपण दोन उलट गोष्टींची अपेक्षा करतो. तोंड पुढच्या स्टँडपर्यंत पोहोचेपर्यंत तिने सळईला बाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि तोंड पकडले गेल्याक्षणी वळशाला बाहेर सोडायचे. साध्या रिपीटरमध्ये हे भिंतीच्या उतारावर साधतात. तोंड वेगाने भिंतीच्या तळाला घासत जाते आणि वळसा वाढू लागला की सळई त्याच उतारावरून वर सरकून फरशीवर उतरते. उतार जास्त झोपलेला असेल तर सळई वेळेआधी बाहेर पडते, फार उभा असेल तर वळसा आत कोंडतो आणि सळईची गाठ होते. आपली सळई मध्यावर भिंत चढते याचे पहिले कारण आडवा ओव्हल हेच असले, तरी भिंतीवर सळईने पाडलेली चर आहे का ते बोट फिरवून पाहा. अशी चर तोंडाला वरच्या दिशेने उचलून देते. ज्यांना परवडते ते भिंतीचा भाग हवेच्या सिलिंडरवर बसवतात आणि गरम सळई ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या इशाऱ्यावर तो खाली पाडतात. आपल्या वेगाला चांगली घडवलेली स्थिर भिंत पुरेल असे मला वाटते.

घर्षणाचाही विचार करा. अर्ध्या वर्तुळाच्या वळणात घर्षण गुणांक ०.३ धरला, तर दुसऱ्या स्टँडच्या तोंडाशी सळईला जेवढा अडथळा होतो, त्याच्या सुमारे अडीच पट जोर पहिल्या स्टँडच्या बाजूने लागतो. वर एंट्री बॉक्सबद्दल जे सांगितले गेले, त्याचे महत्त्व इथे कळते. तिथे झिजलेल्या कडेला तोंड क्षणभर अडखळले की मागे पन्हळीत सळई फुगते आणि भिंत ओलांडते. बघणाऱ्याला रिपीटर बिघडलेला दिसतो, पण अडथळा चार हात पुढे असतो. आपल्या पहिल्या प्रकारचे काही मिसरोल यातूनच होत असतील. पन्हळीच्या बाहेरच्या भिंतीत मोकळे फिरणारे रोलर बसवले तर हा जोर बराच कमी होतो.

तोंडाची कापणी न चुकता करा. रफिंगनंतर शिअरवर (कातरयंत्रावर) फाटलेले आणि थंड पडलेले तोंड काढून टाकले नाही, तर दोन फाळ्यांचे तोंड गाईडच्या रोलरांमध्ये अडकणारच. चिमटेवाला असे तोंड डोळ्याने पाहून सोडून देत असे. रिपीटरला ते कळत नाही, म्हणून जी काळजी माणूस घेत होता ती आता शिअरवर घ्यायला हवी.

---

तळोजा_पाळी

वळशाचा आठ मीटरचा हिशेब आमच्या फरशीवर खडूने आखून पाहिला. सध्या तिथे जुन्या रोलांचा ढीग आणि पाळीवाल्यांची बसायची जागा आहे. दोन्ही हलवावी लागतील. रोलर एंट्री गाईड आणि पिळ गाईड आधी घ्यावेत आणि भिंतीचे काम नंतर करावे, असा प्रस्ताव मी देतो आहे.

दोन प्रश्न उरतात. सुरुवात पहिल्या-दुसऱ्या स्टँडवर करावी की तिसऱ्या-चौथ्यावर? आणि जे चिमटेवाले मोकळे होतील त्यांना कोणते काम द्यावे? त्यांच्यापैकी एकालाही कामावरून कमी करायचे नाही, हे मी आधीच स्पष्ट केले आहे.

---

वागळे_वर्कशॉप

पहिल्या-दुसऱ्यावरच करा. तिथला ओव्हल जाड आहे, जास्त गरम आहे आणि पुढे चौरस व्हायचा असल्यामुळे थोडी चूक पोटात घेतो. लीडर ओव्हल बारीक असतो आणि तो जरासा तिरका शिरला तरी तयार सळईच्या एका बाजूच्या खाचा भरतात व दुसरीकडच्या भरत नाहीत. तो नंतर घ्या, आणि तिथे रोलर गाईड घेताना रोलर टंगस्टन कार्बाइडचे घेता आले तर पाहा. किंमत जास्त पडते, पण कडा टिकते आणि वारंवार लावणी करावी लागत नाही.

गाईडचे दोन संच ठेवा. एक स्टँडवर चालू असताना दुसरा टेबलावर उघडून, साफ करून, नमुन्यावर लावून तयार असला पाहिजे. मिल थांबवून गरम स्टँडसमोर वाकून अंतर लावण्यात घाई होते आणि घाईत लावलेला गाईड पुन्हा मिसरोल देतो.

---

रोलटर्नर_कळवा

चिमटेवाल्यांना गाईडच्या टेबलावर आणा. ओव्हल कोणत्या क्षणी कलंडतो, कोणत्या पासमधले तोंड डावीकडे ओढते, कोणत्या बिलेटचे तोंड फाटते, हे त्यांना हाताने माहीत आहे. ही जाण वर्षांनुवर्षे चिमटा धरून आलेली आहे आणि ती गाईड लावणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते. नमुना कापणे, रोलरचे अंतर लावणे, पिळाचा कोन अर्ध्या अंशाने सरकवणे हे त्यांना शिकवायला वेळ लागणार नाही. त्यांच्या वेतनाची श्रेणी गाईड फिटरची करून घ्या, हेही प्रस्तावात आत्ताच लिहा, नंतर ते राहून जाते.

चाचणी सुरू करताना मात्र पहिल्या काही बिलेटना कोणीही वळशाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला उभे राहू नये. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण असावे ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येच आली होती, आणि रिपीटर बसवल्यावर तर माणूस तिथे असण्याचे काही कारणच उरत नाही. वळशाच्या फरशीभोवती कमरेपेक्षा उंच जाळीचे कुंपण आधी उभारा. पहिल्या स्टँडच्या मागच्या बाजूला, शेपूट जिथे झटका मारते तिथे, जाळी पुरत नाही, जाड पत्रा लावा. पाहणाऱ्यांसाठी जागा पल्पिटजवळ (मिल चालवणाऱ्याच्या खोलीजवळ) ठेवा आणि मोटर थांबवण्याचे बटण तिथे हाताशी असू द्या. पहिली चाचणी १६ मिलिमीटरच्या मालावर घ्या, तो जाड असल्याने गाईडमधून सरळ जातो. तो स्थिर चालल्यावर मगच १२ वर या.